नर्व्हला करंट दिला की रक्ताची गाठ विरघळते का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

ह्या वेळच्या पत्रांमधे निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत, कारण पायाला एक छोटं मशीन चिकटवलं की रक्ताच्या गाठी जातात असा एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून राहिलाय. त्यात थोडं खरं आहे आणि बरंच असं आहे की त्यावर विसंबून एखाद्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून ह्या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून ह्याच विषयाची घेतली आहेत.

प्रश्न : मॅडम, माझ्या आईचा (वय ६७) उजवा गुडघा बदलला, घरी येऊन दोन आठवडे झाले. परवापासून उजवी पोटरी सुजून राहिली, हात लावला तरी दुखते न गरम लागते. व्हिडिओत सांगतात का गुडघ्याखाली नर्व्हला करंट देणारं मशीन लावलं तर गाठ विरघळून जाते, औषध नाही न ऑपरेशन नाही. भावानं मशीन ऑनलाइन मागवून पण ठेवलं. शेजारच्या काकू म्हणतात तेल लावून चांगली मालिश करा. काय करू सांगा न. – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तुमचं पत्र हाती आलं तेव्हाच संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन फोन केला होता, कारण हे अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतंच. इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी.

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाची एकच पोटरी नव्याने सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर ती पायाच्या खोल शिरेतली गाठ आहे असं धरूनच चालायचं आणि त्याच दिवशी पायाची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यायची. ऑपरेशन झालेला पाय थोडा सुजतोच हे खरं, पण कमी होत आलेली सूज अचानक वाढली तर ती साधी सूज समजू नका. ऑपरेशन नीट झालं, डिस्चार्ज मिळाला म्हणजे धोका संपला असं नसतं, तो पुढे कित्येक आठवडे राहतो, म्हणूनच घरी जाताना रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा पोटात घ्यायची इंजेक्शनं लिहून देतात आणि घरोघरी होतं काय, की जखम सुकली, आता कशाला, म्हणून तीच आधी बंद होतात.

मालिश अजिबात नको, तेल कोणतंही असो. गाठ ताजी असते तेव्हा शिरेच्या भिंतीला नीट चिकटलेली नसते, चोळून तिचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. मग अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत टोचतं, कधी खोकल्यातून रक्त पडतं, कधी माणूस चक्कर येऊन पडतो. असं काही झालं तर डॉप्लर-बिप्लर नाही, सरळ १०८ ला फोन.

आता मशीनबद्दल, कारण ते नेमकं काय करतं हे कळलं की काय करू शकत नाही हेही आपोआप कळतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो बघा. त्याच्या मानेला वळसा घालून एक नर्व्ह खाली जाते, डॉक्टर तिला पेरोनियल नर्व्ह म्हणतात, आणि ती तिथे कातडीच्या इतकी जवळ असते की तासन् तास उकिडवं बसून निंदण करणाऱ्या बायांची ती दबते आणि पाऊल वर उचलता येईनासं होतं, अशा बाया आमच्याकडे येतात. मशीन बरोब्बर त्या जागी चिकटवतात. सेकंदाला साधारण एक असा बारीक झटका देतं, नर्व्ह जागी होते, पाऊल टक्-टक् करत वर उचललं जातं आणि पाऊल न पोटरीचे स्नायू आवळले जातात. पोटरीच्या आत खोल शिरा आहेत, स्नायू आवळला की त्या पिळल्या जाऊन रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं, आणि शिरांमधे झडपा असतात त्या विहिरीवरच्या पंपाच्या फुटवॉलसारखं काम करतात, वर गेलेलं खाली येऊ देत नाहीत. चालताना आपल्या पायात हेच चालू असतं. म्हणजे जो माणूस चालूच शकत नाही त्याच्यासाठी मशीन थोडंफार चालण्याचं काम करतं.

एवढंच. रक्त साचून राहू न देणं, म्हणजे गाठ होऊ न देणं. एकदा झालेली गाठ ही फायब्रिन नावाच्या चिवट धाग्यांची जाळी असते, तिच्यात रक्तपेशी अडकलेल्या असतात. ती जाळी तोडायचं काम आपल्या शरीरातलंच एक द्रव्य, प्लाझ्मिन, हळूहळू करतं. आपण हेपॅरिनची इंजेक्शनं, रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन किंवा एसिट्रॉम देतो तेही गाठ विरघळवत नाही बरं का, ते गाठ वाढू देत नाही आणि नवीन होऊ देत नाही, तेवढ्या वेळात शरीर आपलं काम करतं, म्हणूनच हे औषध निदान तीन महिने घ्यावं लागतं. खरोखर गाठ फोडणारी वेगळी इंजेक्शनं असतात, ती मोठ्या धोक्याच्या वेळी दवाखान्यातच देतात. नर्व्हला दिलेल्या करंटचा त्या जाळीवर काहीच परिणाम होत नाही. उलट शिरेत गाठ असेल, पाय सुजून लाल झाला असेल तर त्या पायावर मशीन लावू नका असं स्नायूंना झटके देणाऱ्या मशीनच्या सूचनांमधेच दिलेलं असतं, व्हिडिओत ते पान कोणी दाखवत नाही.

आणि भावाने मागवलंय ते बहुतेक कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीत वापरतात ते टेन्स मशीन असावं, फोनवर तुम्ही जसं सांगितलं त्यावरून तरी तसंच वाटलं. त्याने मुंग्या येतात, दुखणं थोडं दबतं, पण पाऊल उचलेल असा स्नायू आवळला जाईलच असं नाही. दुखणं दबलं की घरच्यांना वाटतं फरक पडला, आणि तेवढ्यात दोन दिवस जातात, मला खरी भीती त्या दोन दिवसांची वाटते.

प्रश्न : बाबांना (वय ७१) ब्रेन हॅमरेज झालं, आयसीयूत आहेत, डावी बाजू हलत नाही. डॉक्टर म्हणतात पायात गाठ व्हायची भीती आहे पण मेंदूत रक्तस्राव असल्यामुळे रक्त पातळ करायचं औषध आत्ता देता येत नाही. पायांना हवेचे पट्टे बांधलेत. त्याऐवजी ते नर्व्हचं मशीन मागू का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न योग्य जागी आहे. हे मशीन ज्याच्यासाठी विचारात घ्यायचं तो पेशंट साधारण तुमच्या बाबांसारखाच असतो. ब्रिटनमधे नाइस नावाची सरकारी संस्था आहे, कोणती उपचारपद्धत वापरावी ह्याचा सल्ला ती तिथल्या दवाखान्यांना देते. तिने जून २०१४ मधे गेको नावाच्या अशा मशीनला मान्यता दिली, पण कोणासाठी, तर ज्याला गाठ व्हायचा धोका जास्त आहे आणि ज्याला औषधही देता येत नाही आणि पट्टे-मोजेही वापरता येत नाहीत अशांसाठी. वजन जेमतेम दहा ग्रॅम, मनगटी घड्याळाएवढं. त्याच सल्ल्यात त्यांनी हेही मोकळेपणाने म्हटलंय की पुरावा मर्यादित आहे, रक्ताचा प्रवाह वाढतो हे दिसतं आणि त्यावरून गाठी कमी होतील असं मानायला जागा आहे, नुकसान फारसं नाही.

हवेच्या पट्ट्यांमागे, म्हणजे पंपाने फुगून पाय आवळणारे न सोडणारे जे पट्टे बांधलेत त्यांच्यामागे, मात्र भक्कम पुरावा आहे. क्लॉट्स-३ नावाचा मोठा अभ्यास ब्रिटनमधे झाला, २०१३ मधे छापून आला, स्ट्रोकने, म्हणजे लकव्याने, अंथरुणाला खिळलेले २८७६ पेशंट होते. पट्टे लावलेल्यांमधे मांडीपर्यंतच्या मोठ्या शिरेत गाठ झालेले ८.५ टक्के आणि न लावलेल्यांमधे १२.१ टक्के. ह्याच टीमने आधी नुसत्या टाइट मोज्यांचा अभ्यास केला होता, त्यात स्ट्रोकच्या पेशंटला मोज्यांचा फायदा दिसलाच नव्हता. म्हणून आत्ता जे चाललंय ते बरोबर चाललंय. पायावर जखम आहे, कातडी सोलली जातेय, पट्टे बसतच नाहीत, अशी काही अडचण आली तर मग डॉक्टरांना नर्व्हच्या मशीनबद्दल जरूर विचारा. बाबांना पेसमेकर असेल तर आधी ते सांगा.

तुमच्या हातात असलेली एक गोष्ट सांगते. हे पट्टे रात्रंदिवस चालू राहिले तरच उपयोगाचे. वॉर्डात मी नेहमी बघते, फुस्स-फुस्स आवाजाने झोप येत नाही म्हणून रात्री नातेवाईक पंप बंद करतात, चादर बदलताना पट्टे काढतात ते दुपारपर्यंत तसेच पलंगाखाली लोंबकळत असतात, आणि प्लगवर मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. भेटायच्या वेळेत आत गेलात की आधी पंप चालू आहे का ते बघा, नसेल तर सिस्टरला सांगा, आणि दिवसातून एकदा पट्टा उघडून टाचेवर न नडगीवर लाल डाग पडलाय का तेही त्यांना बघायला सांगा. रक्तस्राव थांबलाय असं पुढच्या स्कॅनमधे दिसलं की डॉक्टर स्वतःच कमी डोसचं इंजेक्शन सुरू करायचा विचार करतात, तो दिवस कधी येईल हे रोज विचारायला संकोच करू नका.

प्रश्न : मामाला लकवा मारला, मेंदूत गाठ अडकली होती म्हणे. आता तीन महिने झाले, हात उचलत नाही. कानाला क्लिप लावून न मानेला मशीन लावून व्हेगस नर्व्हला करंट देतात, त्यानं मेंदूतली गाठ निघते असं ऐकलं. खरं आहे काय? पुढच्या वेळी असं झालं तर लगेच लावता येईल म्हणून घरी घेऊन ठेवू काय? – एक वाचक, कामठी

उत्तर : घरी घेऊन ठेवू नका, आणि त्यासाठी तर मुळीच नाही.

व्हेगस ही मेंदूतून निघून मानेतून खाली हृदय, फुप्फुस, पोट इथपर्यंत जाणारी लांब नर्व्ह. तिची एक छोटी फांदी कानाच्या पाळीच्या आतल्या खोलगट भागात कातडीखाली असते म्हणून कानाला क्लिप. मानेवर धरायचं गॅमाकोर नावाचं मशीन आहे, त्याला अमेरिकेत २०१७ मधे एका तीव्र डोकेदुखीसाठी, क्लस्टर म्हणतात तिला, आणि पुढे मायग्रेनसाठी परवानगी मिळाली. म्हणजे बाहेरून व्हेगसला करंट देणं ही भोंदूगिरी नाही, खरं शास्त्र आहे. ताज्या स्ट्रोकमधे रक्त कमी पडल्यामुळे मेंदूचा जो भाग मरायच्या बेतात असतो तो ह्याने थोडा जास्त वेळ तग धरेल का, सूज कमी होईल का, ह्यावर माणसांमधे छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांचा उद्देश मेंदू वाचवणं हा आहे, गाठ काढणं हा नाही.

उलट एक गोष्ट बघा. २०२३ मधे उंदरांवरचं एक संशोधन आलं, त्यात व्हेगसला उत्तेजन दिल्यावर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, जास्त तयारीत राहतात आणि जखमेतून रक्त कमी वाहतं असं दिसलं, हिमोफिलिया असलेल्या, म्हणजे रक्त नीट गोठतच नाही अशा, उंदरांमधेसुद्धा. म्हणजे तिथे ह्याच नर्व्हचा वापर रक्त लवकर गोठावं म्हणून करायचा विचार चाललाय! कोणती नर्व्ह, कुठे, किती, कोणत्या पेशंटला, ह्यावर सगळं अवलंबून आहे आणि व्हिडिओतल्या एका वाक्यात ते मावत नाही.

मामांच्या हाताबद्दल सांगायचं तर २०२१ च्या ऑगस्टमधे अमेरिकेत व्हिविस्टिम नावाच्या उपकरणाला मान्यता मिळाली, तेही व्हेगसचंच, पण ते ऑपरेशन करून छातीत कातडीखाली बसवतात आणि हाताचा व्यायाम चालू असताना प्रत्येक हालचालीच्या वेळी थेरपिस्ट झटका देतो. गाठ अडकून झालेल्या स्ट्रोकला बराच काळ उलटलेले आणि हात अधू राहिलेले पेशंट त्यासाठी घेतात. नुसता करंट देऊन हात उचलला असं होत नाही, त्याच्या जोडीला भरपूर व्यायाम असतो. तो व्यायाम मामांना आत्ता, कामठीत, घरी करता येतो. रोज, तोच हात वापरून, गिलास उचलणं, बटण लावणं, टॉवेल पिळणं, फिजिओथेरपिस्ट दाखवेल तसं. तीन महिने म्हणजे अजून सुधारायला पुष्कळ वाव असलेला काळ आहे, तो मशीन शोधण्यात घालवू नका राजेहो.

आणि पुढच्या वेळचं विचारलंत. देव न करो, पण तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तोल गेला, तर घड्याळ बघा. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत गाठ फोडायचं इंजेक्शन देता येतं, ते देण्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून तार घालून गाठ बाहेर ओढून काढतात, काही निवडक पेशंटमधे ते चोवीस तासांपर्यंतही करतात पण जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. कामठीहून निघताना आधी फोन करून विचारा की सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही आत्ता, ह्या क्षणी मिळेल का, आणि जिथे हो म्हणतील तिथेच न्या. गल्लीतल्या दवाखान्यात सलाइन लावून, तळपाय चोळून, सकाळपर्यंत बघू म्हणून किती लोकांचे ते साडेचार तास जातात हे मी डोळ्यांनी बघते आणि दर वेळी जीव तुटतो.

प्रश्न : मी गडचिरोलीची, नागपूरला होस्टेलला राहते. मला सिकलसेल आहे, एसएस. माझ्या वॉर्डातल्या एका ताईला फुप्फुसात गाठ झाली होती. मला पण होऊ शकते का? पायाला मशीन लावून ठेवू का आधीच? – वय २०

उत्तर : बेटा, मशीन नको. सिकलसेलमधे रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते हे खरं आहे, आणि क्रायसिस, म्हणजे सिकलचं अचानक उठणारं जोराचं दुखणं, येऊन दवाखान्यात पडून राहावं लागतं तेव्हा ती आणखी वाढते. २०२३ मधे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, तपासण्या वाढल्या, पिवळी-लाल कार्डं मिळाली, पण आपल्या विदर्भात एवढे पेशंट असूनही गाठीबद्दल त्यांना कोणी नीट सांगत नाही ह्याचं मला वाईट वाटतं. तर लक्षात ठेव, छातीत दुखतंय आणि दम लागतोय तर ते नेहमीचं सिकलचं दुखणं म्हणून होस्टेलमधे गोळी घेऊन पडून राहायचं नाही, मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं आणि कार्ड आधी दाखवायचं. दवाखान्यात भरती केलं तर तू स्वतः विचार, मला गाठ होऊ नये म्हणून काय देणार आहात. पाळीसाठी किंवा पिंपल्ससाठी कोणी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या तर सिकल आहे हे सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, त्यातल्या इस्ट्रोजेनने गाठीचा धोका वाढतो. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलचं औषध चालू असेल तर चुकवू नको, आणि मे महिन्यात पाण्याची बाटली सोबत असल्याशिवाय खोलीबाहेर पडू नको.

प्रश्न : पायात गाठ झाली होती म्हणून एसिट्रॉम घेतो. दर वेळी रक्त तपासा, आयएनआर (रक्त किती पातळ झालं त्याचा आकडा) वरखाली, कंटाळलो बाप्पा. गोळी सोडून मशीन चालेल काय? – एक वाचक, महाल

उत्तर : नाही चालणार. कंटाळा मात्र अगदी खरा आहे आणि त्यावर उपाय आहे. रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅनसारख्या नवीन गोळ्यांना दर वेळी आयएनआर तपासावा लागत नाही, पायातल्या गाठीसाठी त्या बहुतेकांना चालतात. कृत्रिम झडप बसवलेली असेल, संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकुंचन पावली असेल किंवा किडनी फार खराब असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून बदल स्वतःच्या मनाने करू नका, डॉक्टरांना सरळ विचारा. तोपर्यंत पालक-मेथी बंद करायची गरज नाही, फक्त आठवडाभर काहीच नाही आणि मग तीन दिवस रोज असं करू नका, आणि गुडघे दुखले म्हणून मेडिकल स्टोअरमधून दुखायची गोळी आणू नका, आयएनआर तिथेच बिघडतो.

प्रश्न : दर महिन्याला कामासाठी नागपूर-पुणे बसने जातो, रात्रभर बसून. वय ५२, पायात व्हेरिकोज व्हेन्स आहेत. प्रवासात एस्पिरिन घेऊ का, की ते मशीन? – एक वाचक, इतवारी

उत्तर : दोन्ही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मधे ह्यावर अहवाल दिला होता, चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला तर, मग ते विमान असो, ट्रेन असो का बस, गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट ऐकून घाबरू नका, चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात तो साधारण सहा हजारांत एक असा निघाला होता. पण व्हेरिकोज व्हेन्स असलेल्याला थोडा जास्त, म्हणून काळजी घ्यायची. शक्य असेल तर स्लीपरचं तिकीट काढा. नाही मिळालं तर जाग आली की बसल्या जागी घोटे वर-खाली करा, टाचा उचला, पोटरी आवळली जाते आहे असं हाताला लागलं पाहिजे. तुमची नर्व्ह धडधाकट आहे, ते मशीन जे करतं ते तुम्हीच जास्त चांगलं करू शकता. बस जेवायला थांबली की खाली उतरून पाच-दहा मिनिटं चाला, लघवीला उतरावं लागेल म्हणून पाणी न पिणारे खूप लोक आहेत तसं करू नका, आणि झोपेची गोळी घेऊन रात्रभर पाय लोंबकळत ठेवून झोपू नका. गुडघ्याखालपर्यंतचे दाबाचे मोजे चांगले, पण मेडिकलमधून अंदाजाने घेऊ नका, सकाळी सूज नसताना घोट्याचं न पोटरीचं माप देऊन घ्या, आणि चालताना पोटऱ्या भरून येत असतील, म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद असायची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. प्रवासानंतर पुढचे काही आठवडे एकच पाय सुजला, दुखला तर पुण्यात असाल तर पुण्यातच डॉप्लर करून घ्या, परत आल्यावर नागपुरात दाखवू म्हणून त्याच पायाने पुन्हा रात्रभराच्या बसमधे बसू नका.